नाकाचे माप आणि संशोधकाचे इमान

विद्यापीठात संशोधनातील सचोटीचा विषय निघाला की पहिला प्रश्न विचारला जातो तो टक्क्यांचा. सॉफ्टवेअरने किती टक्के साम्य दाखवले? दहाच्या आत असेल तर प्रबंध शुद्ध, वर गेला तर अशुद्ध. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविषयी नियमावली काढली. तिच्यात दहा टक्क्यांपर्यंत माफी आहे. दहा ते चाळीस टक्क्यांना सहा महिन्यांत दुरुस्त करून देण्याची सवलत, चाळीस ते साठला वर्षभर बंदी, आणि साठच्या पुढे नोंदणीच रद्द. नियम चुकीचा आहे असे आम्ही म्हणत नाही. दुसऱ्याचे वाक्य आपल्या नावावर खपवणे ही चोरीच आहे. पण ज्या देशात खोट्या विज्ञानाने कोट्यवधी माणसांच्या कपाळावर शिक्के मारले, त्या देशात सचोटीचा हिशेब एवढ्या स्वस्तात मिटवता येणार नाही.

ज्या संशोधनाने आपल्या समाजाचे सर्वात मोठे नुकसान केले, ते कुठूनही चोरलेले नव्हते. ते अस्सल होते, मेहनतीने केलेले होते आणि सरकारी खर्चाने छापलेले होते. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकले असते तर साम्य शून्य टक्के निघाले असते. ते संशोधन म्हणजे हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने घेतलेली नाकांची मापे.

रिस्ले हा बंगालमधला सनदी अधिकारी. १८८५ साली त्याच्याकडे बंगालच्या जाती-जमातींच्या पाहणीचे काम आले. युरोपात तेव्हा माणसाची कवटी, नाक, उंची मोजून वंश ठरवण्याचे शास्त्र जोरात होते. रिस्लेने पॅरिसच्या पॉल तोपिनारची मोजणीची पद्धत उचलली आणि हाताखालच्या देशी सहाय्यकांना मापपट्ट्या, कंपास देऊन कामाला लावले. नाकाची रुंदी भागिले नाकाची उंची, गुणिले शंभर, की झाला नासिका निर्देशांक. सत्तरच्या खाली आला तर नाक सरळ आणि माणूस ‘उच्च’ वंशाचा. पंच्याऐंशीच्या वर गेला तर नाक बसके आणि माणूस ‘हीन’. १८९१ साली त्याचे ‘ट्राइब्ज अँड कास्ट्स ऑफ बेंगाल’ चार खंडांत निघाले. त्याचा निष्कर्ष असा होता की, जातीचा सामाजिक दर्जा तिच्या नाकाच्या रुंदीच्या उलट प्रमाणात असतो. जात जितकी वरची तितके नाक बारीक.

ही मोजणी सुमारे सहा हजार माणसांची होती आणि ती ८९ जाती-जमातींत वाटलेली होती. साधा भागाकार करा. एका जातीमागे सरासरी सदुसष्ट माणसे येतात. ज्या जातींची लोकसंख्या लाखांत, त्यांचा वंश सदुसष्ट नाकांवरून ठरला! माणसे कशी निवडली, कोणत्या गावातली निवडली, ‘नमुनेदार’ दिसणाऱ्यालाच पुढे बसवले का, हे प्रश्न विचारायला तेव्हा कोणी नव्हते. ज्याचे नाक मोजले जात होते त्याला तर विचारण्याची सोयच नव्हती.

विरोध झालाच नाही असेही नाही. जॉन नेसफिल्ड या शिक्षण खात्यातल्या अधिकाऱ्याने १८८५ सालीच लिहून ठेवले होते की जात ही धंद्यावरून पडली, वंशावरून नाही. बनारसच्या संस्कृत कॉलेजातले विद्यार्थी आणि बाहेर रस्ता झाडणारे कामगार यांच्यात चेहऱ्यामोहऱ्यावरून फरक करता येणार नाही, असे त्याचे निरीक्षण होते. विल्यम क्रुकनेही वायव्य प्रांतातल्या मापांवरून रिस्लेच्या सिद्धांतावर शंका घेतली. पण हे दोघेही मागे पडले, कारण पद रिस्लेकडे होते. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त तोच झाला. त्या जनगणनेत जातींची यादी अक्षरानुक्रमे न लावता ‘सामाजिक श्रेष्ठते’च्या उतरंडीने लावायचे त्याने ठरवले. मग आम्हाला वरच्या पायरीवर घ्या म्हणणाऱ्या जातीजातींच्या अर्जांचा पाऊस पडला. संशोधकाचा पूर्वग्रह सरकारी रकान्यात गेला आणि रकान्यातून लोकांच्या डोक्यात. १९०८ साली ‘द पीपल ऑफ इंडिया’ आले आणि त्याच्यावर शास्त्राचा पक्का शिक्का बसला.

वंशाच्या या खुळाची किंमत कोणी मोजली हे महाराष्ट्रातल्या वाचकाला सांगायला नको. ‘लढवय्या वंश’ नावाची दुसरी एक कल्पना त्याच काळात लष्करात शिरली आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद झाली. तो निर्णय रिस्लेचा नव्हता, पण शाळा एकच. पिढ्यान् पिढ्या सैन्यात राहिलेली घरे एका कल्पनेपायी बेकार झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. १८७१ च्या कायद्याने जन्मतः ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींची गोष्ट याहून भयंकर आहे. ती स्वतंत्र लेखाची आहे, म्हणून इथे थांबतो.

अर्थात रिस्लेला निव्वळ खलनायक करून हा विषय संपत नाही. एक गोष्ट त्याच्या बाजूने नोंदवावी लागते. चारपैकी दोन खंडांत त्याने एकेका माणसाची मापे छापली होती. फक्त सरासरी देऊन तो थांबला नाही, कच्चा माल त्याने उघड्यावर ठेवला. आणि तिथेच त्याचा सिद्धांत अडकला.

कलकत्त्याचे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी ती मापे पुन्हा काढली. मूळचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक, पुढे भारतीय संख्याशास्त्र संस्थेचे संस्थापक. १९३३ साली ‘सांख्य’ या त्यांच्या नव्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात रिस्लेच्या बंगालच्या आकड्यांची फेरतपासणी प्रसिद्ध झाली. छापलेल्या आकड्यांत नोंदींच्या आणि हिशेबाच्या चुका निघाल्या. महालनोबिसांनी नुसती टीका करून हात झटकले नाहीत. एकेक आकडा ताडून पाहिला, दुरुस्त केला आणि दुरुस्त तक्ते इतरांच्या उपयोगासाठी छापले. चाळीस वर्षे ज्या आकड्यांवर ‘आर्य’ आणि ‘अनार्य’ यांचे इमले चढत होते, ते आकडे चाळीस वर्षांत कोणी नीट बेरीज करूनही पाहिले नव्हते! आम्ही समाजशास्त्राच्या एम.ए.ला होतो तेव्हा रिस्लेचे नाव परीक्षेला येत असे, पण हा फेरतपासणीचा किस्सा वर्गात कोणी सांगितला नाही. सिद्धांत पाठ करायचा असतो, तपासायचा नसतो, हीच आपल्याकडच्या वर्गाची शिकवण.

महालनोबिसांच्या आधी एक वर्ष, १९३२ साली, मुंबई विद्यापीठातल्या गोविंद सदाशिव घुर्ये यांचे ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ आले. घुर्ये मूळचे मालवणचे, केंब्रिजहून पीएच.डी. करून आलेले. त्यांनी प्रांताप्रांताची मापे शेजारी शेजारी मांडून दाखवले की रिस्लेचा नियम फार तर आजच्या उत्तर प्रदेशात जुळतो, इतर प्रांतांत जुळत नाही. महाराष्ट्रात जातीची उतरंड आणि नाकाची उतरंड यांचा मेळ बसत नाही. घुर्यांच्या पुढच्या लिखाणाशी, विशेषतः आदिवासींना ‘मागासलेले हिंदू’ ठरवण्याशी, आमचे मतभेद आहेत आणि ते मोठे आहेत. तरी हे काम त्यांचेच आहे. ज्याचे श्रेय त्याला न देणे हीदेखील चोरीच आहे, ती कोणत्याच सॉफ्टवेअरला सापडत नाही एवढेच.

त्याच काळात बर्लिनमध्ये एक मराठी बाई कवट्या मोजत होती. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत गेल्या आणि ऑयगेन फिशर या प्राध्यापकाच्या हाताखाली मानववंशशास्त्र शिकल्या. फिशर हा काही साधा गाईड नव्हता. जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेतल्या मिश्र वंशाच्या लोकांवर त्याने केलेला अभ्यास पुढे वंशशुद्धीवाल्यांचा आधार झाला. हिटलर सत्तेवर आला त्या वर्षी हा माणूस बर्लिन विद्यापीठाचा कुलगुरू होता. त्याचे म्हणणे असे की गोऱ्या युरोपियनांच्या कवटीची डावी-उजवी बाजू जास्त असमान असते, आणि याचा त्यांच्या वरच्या बुद्धीशी संबंध आहे. हे सिद्ध करण्याचे काम त्याने इरावतीबाईंना दिले. त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांत जर्मन वसाहतींतून आणलेल्या आफ्रिकी माणसांच्या कवट्याही होत्या. ती माणसे कशी मेली आणि त्यांची डोकी बर्लिनपर्यंत कशी आली, हा प्रश्न मनात आल्याशिवाय हे वाचता येत नाही. मापांनी सांगितले की असमानतेचा वंशाशी काही संबंध दिसत नाही. बाईंनी तेच प्रबंधात लिहिले.

परदेशात, परक्या भाषेत, पदवी ज्याच्या सहीवर अवलंबून आहे त्याच माणसाचे म्हणणे चुकीचे आहे असे लिहायचे. आज आपल्या विद्यापीठांत किती विद्यार्थी हे करू शकतील? पुढे इरावतीबाईंनी स्वतःही महाराष्ट्रात जातीजातींची शरीरमापने केली आणि त्या कामावर आमच्या बाजूने टीका होऊ शकते. पण बर्लिनचा तो प्रबंध त्यांच्या नावावर जमेच्या बाजूलाच लिहावा लागेल.

आता बाबासाहेबांकडे येऊ. हा सगळा लेख लिहिण्याचे आमचे खरे कारण तेच आहे. बाबासाहेबांना आपण घटनाकार म्हणतो, मुक्तिदाता म्हणतो, जयंतीला त्यांच्या पदव्यांची यादी वाचतो. पण संशोधक म्हणून ते कसे वागले याची चर्चा आपल्याकडे फार कमी होते.

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. कोलंबियातले ते वातावरण लक्षात घ्या. गोल्डनवायझर हे फ्रांझ बोआस यांचे विद्यार्थी. बोआस यांनी थोड्याच वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये स्थलांतरित कुटुंबांतल्या सुमारे अठरा हजार माणसांची मापे घेऊन दाखवले होते की अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या डोक्याचा आकार आईबापांपेक्षा बदलतो. म्हणजे ज्या कवटीला वंशाची अढळ खूण मानले जात होते ती एका पिढीत हलते. बोआस यांनी पुढे १९२८ साली आपले सगळे कच्चे आकडेही छापून टाकले, म्हणून तर अगदी या शतकातही अभ्यासकांना ते पुन्हा तपासून त्यावर भांडता आले. ज्याला आपले आकडे दाखवायची भीती वाटते त्याच्या निष्कर्षाची आपण भीती बाळगावी.

तर त्या निबंधात बाबासाहेबांनी आधीच्या चौघांचा समाचार घेतला: सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर, म्हणजे पुढचे ज्ञानकोशकार. रिस्ले तेव्हा या विषयातला सर्वात मोठा अधिकारी मानला जात होता, नुकताच वारला होता. त्याच्याकडे लक्ष देण्याजोगा नवा मुद्दा नाही, एवढ्यात बाबासाहेबांनी त्याला बाजूला काढले. केतकरांना मात्र त्यांनी सर्वात जास्त जागा दिली. केतकरांनी जातीची दोन लक्षणे सांगितली होती, जन्माने सभासदत्व आणि जातीबाहेर लग्नाला बंदी. बाबासाहेब म्हणाले, या दोन गोष्टी नाहीत, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. मग तिथून आंतरजातीय विवाहबंदी हेच जातीचे मर्म, हा आपला सिद्धांत त्यांनी उभा केला. एका चित्पावन ब्राह्मण अभ्यासकाचे श्रेय मोकळेपणाने देऊन, त्याची चूक दाखवून, त्याच्या पुढे जाऊन. वर हेही लिहिले की या विषयात भावनेला जागा नको, आणि माझा सिद्धांत कोणी पुराव्याने उद्ध्वस्त केला तर मला तितकाच आनंद होईल. अस्पृश्यतेचे चटके खाल्लेला तरुण जातीवर लिहिताना हे म्हणतो आहे! वर्षभराने, मे १९१७ मध्ये, हा निबंध ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला.

लंडनचा प्रसंग तर प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावा असा आहे. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा डी.एस्सी.चा प्रबंध त्यांनी १९२२ च्या ऑक्टोबरात सादर केला. परीक्षकांनी तो पुन्हा लिहायला सांगितला. ब्रिटिश चलननीतीवरची टीका झोंबली असे चरित्रकार सांगतात. पैसे संपले होते. १९१७ सालीही शिष्यवृत्ती संपून शिक्षण अर्धवट सोडून यावे लागले होते, आणि त्या वेळी त्यांचे सामान, पुस्तके ज्या बोटीत होती ती पाणतीरात बुडाली होती. शाहू महाराजांची मदत, नवल भथेनांकडून घेतलेले कर्ज, सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेले पैसे, अशा जोरावर हे दुसरे लंडन होते. १९२३ च्या वसंतात ते मुंबईला परतले, प्रबंधाची भाषा बदलली, निष्कर्ष बदलले नाहीत, ऑगस्टमध्ये पुन्हा पाठवला आणि नोव्हेंबरात पदवी मिळाली.

याची दुसरी बाजू एडविन कॅनन यांची. ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधले त्यांचे मार्गदर्शक. पुस्तक निघाले तेव्हा प्रस्तावना त्यांनीच लिहिली आणि त्या प्रस्तावनेत स्वच्छ सांगितले की आंबेडकरांच्या बऱ्याच म्हणण्याशी मी सहमत नाही. सुवर्ण विनिमय पद्धतीवर आंबेडकरांचा जो राग आहे तो मला मान्य नाही, पण काही ठिकाणी त्यांनी अचूक घाव घातला आहे, असा सूर. विद्यार्थ्याशी मतभेद असूनही त्याच्या पुस्तकाला नाव देणारा गुरू, आणि मतभेद लिहून देणाऱ्या गुरूची प्रस्तावना बिनतक्रार छापणारा विद्यार्थी. निरोगी संशोधन संस्कृती असे काही असेल तर ते हे.

सर्वात अवघड कसोटी लागते ती आपल्या बाजूच्या सोयीचा सिद्धांत समोर आला की. दलित हे या भूमीचे मूळ, वेगळ्या वंशाचे लोक आणि सवर्ण हे बाहेरून आलेले आर्य, हा विचार विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सगळीकडे जोर धरत होता. पंजाबात आदिधर्म, उत्तरेत आदिहिंदू, दक्षिणेत आदिद्रविड. आपल्याकडे वलंगकरांनी संस्थेच्या नावातच ‘अनार्य’ हा शब्द घातला होता. महात्मा फुल्यांची १८७३ ची ‘गुलामगिरी’ तर आर्यभटांच्या स्वारीवरच उभी आहे. या मांडणीने लोकांना ताठ मान दिली, हे कोणी नाकारू नये. राजकारणाच्या दृष्टीने बाबासाहेबांना हा सिद्धांत उचलणे किती सोयीचे होते! त्यांनी उचलला नाही.

१९४६ च्या ‘हू वेअर द शूद्राज?’ मध्ये त्यांनी आर्यांच्या स्वारीचा पाश्चात्त्य सिद्धांत वेदांतले पुरावे काढून फेटाळला. तेच पुस्तक अर्पण केले महात्मा फुल्यांना. गुरूची एक मोठी मांडणी ज्या पुस्तकात नाकारायची, तेच पुस्तक गुरूच्या चरणी ठेवायचे. याहून मोठी गुरुदक्षिणा आम्हाला माहीत नाही. आणि १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ मध्ये अस्पृश्यता वंशभेदातून आली का या प्रश्नाला एक आख्खे प्रकरण आहे. तिथे त्यांनी नाकाची मापेच घेतली. कोणाची? घुर्यांच्या पुस्तकातली. त्या मापांवरून त्यांनी दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे आहेत. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य, ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड. ज्या हत्याराने आपल्याला हीन ठरवले त्याच हत्याराने त्यांनी वंशाची गाठ तोडली.

इथे आम्ही एक गोष्ट झाकून ठेवणार नाही. घुर्ये उत्तर प्रदेशापुरता उतरंडीचा मेळ मान्य करत होते. बाबासाहेबांचा निष्कर्ष त्याहून सरसकट आहे. नाक मोजून वंश ठरवणे हेच आता शास्त्राने टाकून दिले असल्याने तो वाद तसा संपला. पण बाबासाहेबांनी त्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत आपल्या मांडणीतल्या रिकाम्या जागा स्वतःच दाखवल्या आहेत. पांगलेल्या टोळ्यांचे लोक, बौद्ध धर्म आणि गोमांस यांवरून त्यांनी अस्पृश्यतेचे जे मूळ सांगितले, त्यात थेट पुरावा कुठे आहे आणि अनुमान कुठे आहे हे ते लपवत नाहीत. संशोधकाने स्वतःला पंचाच्या जागी बसवून साक्ष ऐकावी, हा गटेचा दाखलाही ते देतात. म्हणजे त्यांच्या मांडणीतल्या कच्च्या जागा शोधणे हा त्यांचा अवमान नाही, तसे करण्याचे निमंत्रण त्यांनीच देऊन ठेवले आहे.

आणि आज आपण काय करतो? २००१ साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या मायकेल बामशाद आणि सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध ‘जिनोम रिसर्च’मध्ये आला. आंध्र प्रदेशातल्या काही जातींचे डीएनए नमुने त्यांनी तपासले होते. वरच्या जातींतल्या पुरुषांचे पितृवंशाचे गुणसूत्र युरोपीय नमुन्यांना जास्त जवळचे दिसले, आईकडून येणारा वारसा मुख्यतः आशियाई. हा एका प्रांतातला, मोजक्या जातींचा, त्या काळच्या तंत्राने केलेला अभ्यास. पण गेली वीसेक वर्षे आपल्या शिबिरांत, पुस्तिकांत आणि आता मोबाईलवर तो ‘ब्राह्मण विदेशी असल्याचे डीएनएने सिद्ध’ म्हणून फिरतो आहे, दशांश चिन्हापर्यंतच्या टक्केवारीसकट. मूळ निबंध वाचलेला माणूस शंभरात एक भेटत नाही. त्यानंतर बरेच मोठे अभ्यास झाले. २०१३ साली प्रिया मूर्जानी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की भारतातले जवळपास सगळे समूह, ज्यांना आपण मूळनिवासी म्हणतो तेसुद्धा, दोन जुन्या लोकसमूहांच्या मिश्रणातून आले आहेत. हे मिश्रण साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात जोरात चालू होते आणि नंतर ते थांबत गेले, लोक आपापल्या गटातच लग्ने करू लागले. मिश्रणाचे प्रमाण सगळ्या समूहांत सारखे नाही, वरच्या जातींत आणि उत्तरेकडे एका बाजूचा अंश जास्त आहे, हेही त्याच संशोधनाच्या परंपरेत सांगितलेले आहे. तेही सांगावे लागेल, सोयीचे अर्धे सांगून चालणार नाही. पण आधी मिसळलेली माणसे आणि मागाहून घातलेली विवाहबंदी हे चित्र १९१६ च्या त्या निबंधाच्या किती जवळ जाते ते पाहा. बाबासाहेबांचा विचार सोडून रिस्लेचा विचार उलटा करून वापरण्यात आपल्याला काय मिळाले? नाकाच्या जागी गुणसूत्र आले, बाकी खेळ तोच राहिला. ब्राह्मणी व्यवस्थेशी लढायला ब्राह्मणाचे रक्त परके असण्याची गरज नाही. त्याचे रक्त शंभर टक्के इथले निघाले तर जातिव्यवस्था न्याय्य ठरणार आहे का?

काही कार्यकर्ते म्हणतील, शत्रू खोटे बोलतो, मग आपणच का पुरावे तोलत बसायचे? याचे उत्तर व्यवहाराचे आहे. आमच्या अभ्यासिकेत येणारी मुले हे ऐकून विद्यापीठात जातात आणि तिथे पहिल्याच चर्चासत्रात कोणीतरी मूळ निबंध काढून त्यांना गप्प करतो. मग तो मुलगा खरी गोष्ट सांगतानाही कचरतो. बाबासाहेबांच्या नावावर फिरणाऱ्या, त्यांनी कधीही न लिहिलेल्या सुविचारांचेही हेच. खंड आणि पान सांगता येत नसेल तर ते वाक्य भिंतीवर रंगवू नये.

विद्यापीठांचा हिशेबही मागावाच लागेल. आयोगाने पीएच.डी.पूर्वी शोधनिबंध छापण्याची सक्ती केली आणि देशभर पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकांची दुकाने उघडली. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी आयोगाच्याच मान्य यादीतल्या, विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांची तपासणी केली तेव्हा सुमारे ८८ टक्के निकृष्ट निघाली. २०१८ च्या मे महिन्यात आयोगाने चार हजारांवर नावे यादीतून काढली. २०२२ साली सक्तीच काढून टाकली. मधल्या काळात ज्या गरीब विद्यार्थ्याने उसने पैसे काढून त्या नियतकालिकांत निबंध छापला त्याचे काय, हे कोणी विचारले नाही. विद्यापीठाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात प्रबंध लिहून मिळतो हे ज्याला माहीत नाही असा प्राध्यापक दाखवा. पण शिक्षेची बातमी येते ती विद्यार्थ्याची. विद्यार्थ्याच्या निबंधावर न लिहिता आपले नाव आधी टाकणाऱ्या गाईडची येत नाही.

भीतीच्या वातावरणात सचोटी टिकत नाही. ज्याची फेलोशिप गाईडच्या सहीवर, हॉस्टेलची खोली वॉर्डनच्या मर्जीवर आणि सिनॉप्सिस समितीच्या मूडवर आहे, तो गाईडचा आवडता सिद्धांत खोटा ठरवणारे आकडे वहीत ठेवील की फाडून टाकील? रोहित वेमुला हैदराबाद विद्यापीठात पीएच.डी. करत होता. १७ जानेवारी २०१६ ला तो गेला तेव्हा सात महिन्यांची फेलोशिप थकलेली होती. बार्टीच्या फेलोशिपसाठी महाराष्ट्रातल्या संशोधक विद्यार्थ्यांना आझाद मैदानात बसावे लागले. ज्यांना सयाजीराव आणि शाहू महाराज भेटत नाहीत, त्यांच्यासाठी ही फेलोशिपच सयाजीराव आहे. ती वेळेवर देणे हा कल्याणकारी खर्च नाही, संशोधनाच्या सचोटीवरचा खर्च आहे. नाहीतर विद्यार्थी पोटासाठी तडजोड करतो आणि आपण सॉफ्टवेअर घेऊन त्याच्या मागे लागतो.

आमच्या अभ्यासिकेत पुढच्या महिन्यापासून ‘द अनटचेबल्स’चे वंशभेदावरचे प्रकरण आणि घुर्यांचे तक्ते शेजारी शेजारी ठेवून वाचायचे ठरले आहे. कॅलक्युलेटर आणायला सांगितले आहे. ज्यांना दुसऱ्या बाजूने मांडणी करायची आहे त्यांनी मूळ पानांसकट यावे. त्यांना बोलायला आधी वेळ दिली जाईल.